पुलाला किती हलू द्यायचे?

कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे निघाले की पंचगंगेवर शिवाजी पूल लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात बांधलेला हा दगडी कमानींचा पूल अजून उभा आहे. त्याच्या शेजारी पर्यायी पूलही झाला आहे. शेजारच्या ब्रह्मपुरी टेकडीला पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्या पर्यायी पुलाचे काम किती रखडले, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

दगडी कमान उभी राहते ती दगडाने दगडाला दाबून धरल्यामुळे. वरचा भार कमानीतून खाली उतरतो आणि दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला रेटा देतो. तो रेटा पेलायला टोकांशी भक्कम बांधकाम असते. उन्हाने दगड प्रसरण पावला की कमानीचा माथा किंचित वर चढतो, थंडीत किंचित खाली बसतो. कमानीला हालचालीची वाट तिच्या आकारातच मिळालेली असते, त्यामुळे दगड आणि पाया यांच्यामध्ये वेगळे काही बसवावे लागत नाही.

आजचे बहुतेक काँक्रीट पूल मात्र गर्डरचे असतात. खांब, खांबावर पिअर कॅप, तिच्यावर एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जाणारे सरळ गर्डर आणि त्यांच्यावर रस्त्याचा स्लॅब. सरळ गर्डरला वर चढून मोकळे होता येत नाही. तापला की तो लांबीतच वाढणार, गार झाला की आखडणार. म्हणून गर्डर थेट खांबावर टेकवत नाहीत, दोहोंच्या मध्ये बेअरिंग असते. पुलाखाली उभे राहून पाहिले तर पिअर कॅपवरच्या लहान काँक्रीट चौथऱ्यांवर हे काळे किंवा करडे ठोकळे दिसतात. संपूर्ण पुलाचा भार त्यांच्यावरून खाली उतरतो.

पुलाचे गणित आता संगणकावर होते. स्टॅड प्रो, मायडास सिव्हिल, सॅप अशा सॉफ्टवेअरमध्ये गर्डर, स्लॅब, खांब आणि पाया यांचे हजारो तुकड्यांचे मॉडेल उभे करतात. त्यात बेअरिंगच्या वाट्याला फार तर पाच-पंचवीस ओळी येतात. पण आपण कोणत्या जातीच्या पुलाचे गणित करतो आहोत, हे या ओळींवर ठरते. त्या चुकल्या तर बाकीच्या हजारो आकड्यांतून मिळणारे उत्तर अचूक असते, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी पुलाचे असते.

सहा प्रश्न

कोणत्याही बेअरिंगला सहा प्रश्न विचारावे लागतात. गर्डरचे टोक लांबीच्या दिशेने सरकू शकते का? आडवे सरकू शकते का? खाली-वर जाऊ शकते का? आणि या तीन अक्षांभोवती फिरू शकते का? या सहा हालचालींना इंजिनिअर डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला तीनच प्रकारची उत्तरे असतात: पूर्ण मोकळे, पूर्ण बंद, किंवा अमुक इतका विरोध करून मोकळे. हे तिसरे उत्तर सॉफ्टवेअरला स्प्रिंगच्या रूपात सांगतात. अमुक मिलिमीटर सरकवायला अमुक किलोन्यूटन बल लागेल, असा तो आकडा असतो.

बेअरिंगचे प्रकार या सहा उत्तरांवरूनच पडले आहेत. जुन्या पोलादी पुलांखाली एका टोकाला रॉकर आणि दुसऱ्या टोकाला रोलर असे. रॉकरवर टोक फिरते पण सरकत नाही, रोलरवर फिरते आणि सरकतेही. मोठ्या भारासाठी पॉट बेअरिंग वापरतात. पोलादी भांड्यात रबराची चकती कोंडलेली असते. सर्व बाजूंनी कोंडल्यामुळे दाबाखाली ती जवळजवळ द्रवासारखी वागते आणि गर्डरच्या टोकाला फिरू देते. तिच्यावर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा थर आणि स्टेनलेस स्टीलचा पत्रा दिला की टोक घसरूही शकते. हे घसरणे एकाच दिशेला हवे असेल तर मध्ये मार्गदर्शक पट्टी बसवतात.

मध्यम गाळ्यांच्या, म्हणजे दोन खांबांमध्ये मध्यम अंतर असलेल्या, पुलांखाली सर्रास दिसते ते इलॅस्टोमेरिक बेअरिंग, म्हणजे रबराचे थर आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेले पोलादी पत्रे. इंग्लंडमध्ये लिंकन शहरातल्या पेलहॅम पुलाखाली अशी बेअरिंग १९५७ सालीच बसली होती. आपल्याकडे त्यांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ८३ या संहितेच्या दुसऱ्या भागात आहेत. जाडजूड वही टेबलावर ठेवून तिच्या वरच्या पुठ्ठ्याला बाजूने रेटा द्यावा, तशी ही बेअरिंग तिरकी होतात. वर भार तोच असतो, पण माथा पायथ्यापासून काही मिलिमीटर सरकलेला असतो.

एक ठोकळा जवळून

समजा ४०० बाय ५०० मिलिमीटरचे एक बेअरिंग आहे. आत १२ मिलिमीटरचे चार रबरी थर, वर-खाली ६ मिलिमीटरचा एकेक, म्हणजे रबराची एकूण जाडी ६० मिलिमीटर. थरांच्या मध्ये ४ मिलिमीटर जाडीचे पाच पोलादी पत्रे. ठोकळ्याची उंची झाली ८० मिलिमीटर.

आडव्या दिशेचा ताठरपणा काढायची रीत सोपी आहे. रबराच्या कातर गुणांकाला, म्हणजे शिअर मोड्युलसला, क्षेत्रफळाने गुणायचे आणि रबराच्या जाडीने भागायचे. कातर गुणांक दर चौरस मिलिमीटरला ०.९ न्यूटन धरला तर उत्तर येते दर मिलिमीटरला ३ किलोन्यूटन. म्हणजे सुमारे ३०० किलो रेटा दिला की माथा १ मिलिमीटर सरकतो.

उभ्या दिशेला हेच बेअरिंग अगदी वेगळे वागते. रबर दाबले की बाजूंनी फुगायला पाहते, पण पोलादी पत्रे त्याला फुगू देत नाहीत. थर जितका पातळ, तितकी ही पकड घट्ट. त्यामुळे उभा ताठरपणा दर मिलिमीटरला साधारण १,००० किलोन्यूटन, म्हणजे आडव्याच्या तीनशेहून अधिक पट भरतो. शंभर टन वर ठेवले तरी ठोकळा खाली बसतो तो जेमतेम मिलिमीटरभर. एका दिशेला इतके मऊ आणि दुसऱ्या दिशेला इतके कडक असणे हेच या बेअरिंगचे सारे कौशल्य आहे. मॉडेलमध्ये दोन्ही आकडे आपापल्या दिशेला बसलेच पाहिजेत. इथे एक साधी गोष्ट हमखास घात करते. काही सॉफ्टवेअरमध्ये उभा अक्ष वाय असतो, काहींत झेड. एका प्रोग्रॅममधले आकडे तसेच्या तसे दुसऱ्यात नेले तर कडक स्प्रिंग आडवी आणि मऊ स्प्रिंग उभी होऊन बसते.

एक गाळा, दोन मॉडेल

आता या बेअरिंगवर ३० मीटरचा गाळा ठेवू. चार गर्डर, प्रत्येकाच्या दोन टोकांना एकेक, अशी आठ बेअरिंग. कोल्हापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या जवळ जातो आणि हिवाळ्यातल्या पहाटे पंधराच्या आसपास उतरतो. हिशेबासाठी तापमानातला फरक ३० अंश धरू. काँक्रीट दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांश बारा भागांनी वाढते. म्हणजे ३० मीटरचा गर्डर १०.८ मिलिमीटर वाढेल. दोन्ही टोकांना सारखीच बेअरिंग असल्यामुळे प्रत्येक टोक ५.४ मिलिमीटर सरकेल आणि प्रत्येक बेअरिंगमध्ये जेमतेम १६ किलोन्यूटन, म्हणजे दीड-पावणेदोन टनांचा रेटा तयार होईल. पुलाच्या दृष्टीने हा रेटा क्षुल्लक आहे.

आता दुसरे मॉडेल पाहा. नवशिक्या इंजिनिअरने घाईत दोन्ही टोकांना पिन सपोर्ट दिला, म्हणजे फिरायला मोकळीक पण सरकायला पूर्ण बंदी. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण गणिताच्या दृष्टीने अशी रचना स्थिर आहे. पण आता त्या १०.८ मिलिमीटरना जायला जागाच उरली नाही. एम ४० काँक्रीटचा लवचिकता गुणांक ३३ गिगापास्कल आणि स्लॅबच्या वाट्यासह एका गर्डरचे क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर धरले, तर गर्डरमध्ये १४,००० किलोन्यूटनांहून जास्त, म्हणजे साधारण १,४५० टनांचा दाब दिसेल. खांबांचाही लवचिकपणा मॉडेलमध्ये असला तर आकडा बराच उतरेल, पण मग तोच रेटा खांबाच्या बुडाला वाकवणारा आघूर्ण (मोमेंट) होऊन बसेल. तेवढ्यासाठी खांब जाड होतील, पाया मोठा होईल, आणि जे बल खऱ्या पुलावर कधी येणारच नाही त्याच्यावर सरकारी तिजोरीतला पैसा खर्च होईल.

ही चूक दिसते तरी. दुसरी चूक लपून राहते आणि ती अधिक घातक आहे. गर्डर भाराखाली वाकतो तेव्हा त्याची टोके फिरतात. बेअरिंग गर्डरच्या तळाशी असते, तर गणितातला गर्डर त्याच्या मध्याक्षातून जाणारी एक रेघ असतो. मध्याक्ष बेअरिंगच्या १.२ मीटर वर असेल आणि टोक ०.००३ रेडियनने फिरले, तर तळ सुमारे ३.६ मिलिमीटर बाहेर सरकतो. खऱ्या पुलात रबर तेवढे तिरके होते आणि विषय संपतो. पण मॉडेलमध्ये तळाशी दोन्हीकडे पिन असेल तर तळ बाहेर जाऊ शकत नाही. आतल्या बाजूला रेटा तयार होतो आणि सरळ गर्डर कमानीसारखा वागू लागतो. मधला वाकवणारा आघूर्ण घटतो. कमी लोखंडात भागेल असे सॉफ्टवेअर सांगते. शिवाजी पुलाच्या कमानीला तो रेटा खरोखर मिळतो, कारण तिच्या टोकांशी तो पेलणारे बांधकाम आहे. आपल्या गर्डरच्या टोकाशी आहे रबराचा ठोकळा. तो हा रेटा देणार नाही, आणि कमी पडलेले लोखंड मात्र खरोखरच कमी पडलेले असेल.

म्हणून जाणते इंजिनिअर बेअरिंग त्याच्या खऱ्या जागी दाखवतात. गर्डरच्या मध्याक्षापासून खाली बेअरिंगच्या माथ्यापर्यंत एक ताठ दुवा, मग स्प्रिंगच्या रूपातले बेअरिंग, मग त्याच्या पायथ्यापासून खांबाच्या अक्षापर्यंत दुसरा ताठ दुवा. हा दुसरा दुवाही महत्त्वाचा आहे. एका खांबावर दोन गाळ्यांची टोके येतात आणि दोन्ही बेअरिंगरांगा खांबाच्या मध्यापासून थोड्या बाजूला असतात. एकाच गाळ्यावर वाहने असतील तर खांबावर भार एका बाजूला येतो. दोन्ही गाळ्यांना एकच बिंदू देऊन मोकळे झाले की हा परिणाम नाहीसा होतोच, शिवाय दोन सुटे गाळे गणितात एकसंध होऊन जातात.

ब्रेक, धक्का आणि नदीची तिरकी वाट

बेअरिंगचा मऊपणा नेहमीच फायद्याचा नसतो. १०० टनांचे अवजड वाहन पुलावर ब्रेक लावते तेव्हा इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेप्रमाणे त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टन, लांबीच्या दिशेने ढकलतो असे धरतात. आपल्या आठ बेअरिंगांचा एकत्रित आडवा ताठरपणा दर मिलिमीटरला २४ किलोन्यूटन आहे. तेव्हा अख्खा गाळा सुमारे ८ मिलिमीटर पुढे जाईल. तापमानाचे ५ मिलिमीटर, ब्रेकचे ८ आणि काँक्रीट वर्षानुवर्षे आखडत जाते त्याचे काही, ही सगळी बेरीज रबराच्या जाडीच्या ०.७ पटीत, म्हणजे ४२ मिलिमीटरमध्ये बसली पाहिजे. दोन गाळ्यांमधल्या एक्स्पान्शन जॉइंटलाही तेवढीच हालचाल पुरवावी लागते. जॉइंट आणि बेअरिंग यांचे गणित वेगवेगळ्या टेबलांवर झाले की पुलावर खडखडाट सुरू होतो.

भूकंपाच्या बाबतीत मऊपणा मदतीला येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पश्चिम महाराष्ट्र विसरलेला नाही. आपल्या गाळ्याचे वजन ५०० टन धरले तर या रबरावर तो लांबीच्या दिशेने साधारण ०.९ सेकंदात एक झोका घेईल. मध्यम प्रतीच्या जमिनीवर भारतीय संहितेच्या आलेखात एवढ्या झोक्याला १.५ हा गुणक मिळतो, तर अगदी ताठ रचनेला २.५. म्हणजे धक्क्याचे बल साठ टक्क्यांवर येते. मात्र बल घटले तरी हालचाल वाढते. म्हणून गर्डर पिअर कॅपवरून घसरू नये यासाठी पुरेशी रुंद बैठक आणि आडवे काँक्रीटचे स्टॉपर लागतात. मॉडेलमध्ये बेअरिंगच्या जागी पिन टाकली असेल तर झोका भलताच लहान दिसतो, हालचाल दिसतच नाही आणि स्टॉपर किती अंतरावर हवेत हेही कळत नाही.

रस्ता नदीला काटकोनात छेदतोच असे नाही. पूल तिरका असला की भार सगळ्या बेअरिंगांत सारखा वाटला जात नाही. स्लॅबच्या विशालकोनाकडच्या बेअरिंगवर जास्त भार येतो, लघुकोनाकडचे हलके होते, आणि कधी तर गर्डर तिथून उचलला जाऊ पाहतो. साधी स्प्रिंग दाबाइतकाच ताणही सोसते, त्यामुळे सॉफ्टवेअर निमूटपणे उलट्या चिन्हाचा आकडा छापून मोकळे होते. प्रत्यक्षात गर्डर रबरावर नुसता टेकलेला असतो, रबर त्याला खाली ओढून धरत नाही. अशा ठिकाणी फक्त दाब सोसणारा आधार द्यावा लागतो. निदान उलटे चिन्ह शोधून त्याचा अर्थ लावावा लागतो.

पुराच्या पाण्यात

कोल्हापूरच्या पुलांसाठी गर्डर उचलला जाण्याचा हा मुद्दा कागदावरचा नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला.

गर्डर पाण्यात बुडाला की काय होते? काँक्रीटचा एक घनमीटर २५ किलोन्यूटन वजनाचा, तेवढ्याच पाण्याचे वजन १०. म्हणजे बुडालेल्या काँक्रीटचे वजन साठ टक्केच उरते. आपला ५०० टनांचा गाळा ३०० टनांचा होतो. गर्डरांच्या मधल्या खणांत हवा कोंडली तर तो आणखी हलका होतो. त्याच वेळी प्रवाह त्याला बाजूने ढकलतो. आयआरसी ६ मध्ये खांबावरच्या प्रवाहदाबाचे सूत्र आहे. त्यात ५२ ला आकाराच्या गुणकाने आणि वेगाच्या वर्गाने गुणले की दर चौरस मीटरला किलोग्रॅममध्ये दाब मिळतो. सपाट तोंडासाठी गुणक १.५. सेकंदाला ३ मीटर वेग धरला तर दाब येतो सुमारे ७०० किलो. हेच सूत्र अंदाजापुरते २ मीटर उंच आणि ३० मीटर लांब गर्डरच्या बाजूला लावले तर ४२ टनांचा आडवा रेटा होतो.

बेअरिंग आपल्या जागी राहते ते बहुतांशी वरच्या वजनामुळे होणाऱ्या घर्षणावर. वजन घटले आणि रेटा वाढला की ती पकड सैल पडते. त्यामुळे पुराच्या पट्ट्यातल्या पुलाचे मॉडेल दोनदा चालवावे लागते: एकदा रोजच्या वाहतुकीसाठी आणि एकदा बुडालेल्या, हलक्या झालेल्या, बाजूने ढकलल्या जाणाऱ्या पुलासाठी. पाणी ओसरल्यावर पिअर कॅपवर गाळ आणि काडीकचरा साचतो. तो वेळेवर काढला नाही तर घसरणाऱ्या बेअरिंगच्या चकचकीत पत्र्यावर जाऊन बसतो आणि घर्षण वाढवतो. आराखड्यात मोकळे म्हटलेले टोक हळूहळू अडकू लागते. म्हणून बेअरिंग अडकले तर खांबावर किती रेटा येईल, हेही मॉडेलला आधीच विचारून ठेवलेले बरे.

गोव्याचा धडा

बेअरिंग झिजल्यावर पुलाचे काय होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. गोव्यात जुवारी नदीवरच्या जुन्या पुलाच्या मुख्य गाळ्यांमध्ये दोन्ही खांबांवरून निघालेले काँक्रीटचे हात मध्यभागी येऊन भेटत आणि तिथे त्यांना पोलादी बिजागरीचे बेअरिंग जोडत असे. एका हातावर ट्रक आला की बिजागरी त्यातला काही भार दुसऱ्या हाताकडे पोचवणार आणि दोन्ही टोके एकाच पातळीत ठेवणार, अशी कल्पना. मॉडेलमध्ये हे दाखवायला एक ओळ पुरते: इथे आघूर्ण नाही, कातर बल मात्र पार होते.

खाऱ्या हवेत आणि रोजच्या आदळआपटीत पोलाद झिजले की बिजागरीत फट पडते. मग ट्रक असलेला हात एकटाच खाली वाकतो, फट भरेपर्यंत भार पलीकडे जातच नाही, आणि चाक पुढच्या टोकावर पायरी चढल्यासारखे आदळते. त्या धक्क्याने फट आणखी वाढते. जुन्या जुवारी पुलाच्या बिजागऱ्यांवर दुरुस्ती करावी लागली, अवजड वाहनांना बंदी घालावी लागली, आणि आता तिथे २०२२ च्या डिसेंबरात खुला झालेला केबलवर टांगलेला नवा पूल आहे. जुना पूल नवा होता तेव्हा मूळ मॉडेलमधली ती एक ओळ खरी होती, तो झिजल्यावर खोटी ठरली. जुन्या पुलाची तपासणी करताना तिथे फट असलेला दुवा टाकून गणित पुन्हा करावे लागते, आणि ती फट किती मिलिमीटरची हे कुणीतरी पुलावर जाऊन मोजावे लागते.

शंभर वर्षांचा पूल, त्याहून अल्पायुषी बेअरिंग

आजचे काँक्रीट पूल साधारण शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी आखतात. रबर इतके टिकत नाही. ऊन आणि ओझोन यांनी ते कडक होते, कडांना तडे जातात, पत्रा आणि रबर यांची पकड सुटते. म्हणजे पुलाच्या हयातीत बेअरिंग एकदा तरी, बहुधा अनेकदा बदलावी लागणार. त्यासाठी गर्डरखाली हायड्रॉलिक जॅक लावून सगळा गाळा काही मिलिमीटर एकसारखा उचलतात. जॅक बेअरिंगच्या जागी बसू शकत नाहीत, ते बहुधा शेजारी, गर्डरांना जोडणाऱ्या आडव्या डायफ्रॅमखाली बसतात. तेवढ्या वेळापुरते पुलाचे आधारच बदललेले असतात.

डायफ्रॅम तो भार घेईल का, पिअर कॅपवर जॅकला जागा आहे का, एक जॅक दुसऱ्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त उचलला गेला तर स्लॅबला चीर पडेल का, हे प्रश्न पूल कागदावर असतानाच मॉडेलला विचारायचे असतात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांतून दरवर्षी स्थापत्य अभियंत्यांची नवी तुकडी बाहेर पडते, आणि सॉफ्टवेअर चालवायला ती मुले चटकन शिकतात. त्यांनी पहिल्याच पुलापासून एक शिस्त लावून घ्यावी. निकाल छापण्याआधी एक कागद घ्यावा. त्यावर प्रत्येक बेअरिंगची सहा उत्तरे, प्रत्येक स्प्रिंगचा आकडा, तो कुठून आला, आणि बेअरिंग अडकल्यास, उचलले गेल्यास किंवा बदलायचे झाल्यास काय धरले आहे, हे स्वच्छ शब्दांत लिहावे आणि तो कागद आराखड्यासोबत बांधकाम विभागाकडे द्यावा. पंचवीस-तीस वर्षांनी जो इंजिनिअर जॅक घेऊन त्या पिअर कॅपवर चढेल, त्याच्याजवळ कदाचित हे सॉफ्टवेअर नसेल आणि मूळ फाइल उघडणारही नाही. पूल किती हलणार असे आपण धरले होते, हे त्याला त्या कागदावरून कळेल.